लेन्स घेण्याआधी भाता मोजा: लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर निसर्गातले क्लोज-अप

एक वाळलेलं पान समोर ठेवा, देठापासून टोकापर्यंत १२ सेंटिमीटर लांब. साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्याचा फोटो काढणं हे काही विशेष काम नाही; जरा जवळ गेलं की झालं. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ते पान काठोकाठ बसवलं, तरी त्याची प्रतिमा खऱ्या पानाच्या तीन-दशांशच असते. आता तेच पान लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यातल्या ४ बाय ५ इंचाच्या फिल्मवर बसवा. या फिल्मचा चित्र उमटणारा भाग साधारण ९५ बाय १२० मिलिमीटर असतो. म्हणजे पान जेवढं, तेवढीच प्रतिमा. छोट्या कॅमेऱ्यावर ज्याला खास मॅक्रो लेन्सचं काम म्हणतात, ते इथे एका साध्या पानापाशीच सुरू होतं. ६ सेंटिमीटरचं फूल फ्रेमभर हवं असेल, तर प्रतिमा फुलाच्या दुप्पट करावी लागते.

लार्ज फॉरमॅटवर क्लोज-अप करू पाहणारे बहुतेक जण "कोणती मॅक्रो लेन्स घेऊ?" इथून सुरुवात करतात. मीही तिथूनच केली होती. माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, टिपायची वस्तू केवढी आणि ती फिल्मवर केवढी हवी. दुसरा, आपल्या कॅमेऱ्याचा भाता किती लांब उघडतो. या दोन्हींची उत्तरं हातात आली की लेन्सचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं, आणि पुष्कळदा ती लेन्स आपल्याकडे आधीपासूनच असते.

कार्ल ब्लॉसफेल्ट हा जर्मन कलाशिक्षक कोंब, कळ्या, बोंडं, नेच्याची गुंडाळलेली टोकं कित्येक पटींनी मोठी करून टिपत असे. ती चित्रं १९२८ साली जगापुढे आली आणि आजही पाहताना जीव थक्क होतो. त्याची हत्यारं म्हणजे घरी बनवलेला लाकडी कॅमेरा आणि लांब भाता. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये ८ बाय १० इंचाच्या कॅमेऱ्यावर टिपलेली ढोबळी मिरचीही अशीच.

भाता किती लागतो

भाता म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घड्यांची काळी पिशवी. छायाचित्रकार तिला बेलोज म्हणतात. दूरच्या डोंगरावर फोकस केला, की लेन्स फिल्मपासून आपल्या फोकल लेन्थएवढ्या अंतरावर असते. १५० मिमीची लेन्स सुमारे १५० मिमीवर. वस्तू जवळ आली की लेन्स पुढे सरकवावी लागते. किती? याचा हिशोब अगदी सोपा आहे. प्रतिमा वस्तूच्या जितक्या पट हवी, तितक्या पट फोकल लेन्थ जास्तीची. प्रतिमा निम्मी हवी तर फोकल लेन्थच्या निम्म्याने भाता वाढवा. जेवढ्यास तेवढी हवी तर आणखी एक पूर्ण फोकल लेन्थ. दुप्पट हवी तर आणखी दोन.

म्हणजे १५० मिमीच्या लेन्सला निम्म्या आकारासाठी २२५ मिमी भाता लागेल, खऱ्या आकारासाठी ३००, दुप्पट आकारासाठी ४५०. हेच आकडे २१० मिमीच्या लेन्सला ३१५, ४२० आणि ६३० असे होतात. ३०० मिमीच्या लेन्सला खऱ्या आकारासाठी ६०० मिमी भाता लागतो, आणि एवढं उघडणारा घडीचा कॅमेरा पाठीवर घेऊन फार लोक हिंडत नाहीत. पाठपिशवीत मावणाऱ्या बऱ्याच ४ बाय ५ कॅमेऱ्यांचा भाता ३०० ते ४०० मिमीच्या आसपास संपतो.

मी २१० मिमीची लेन्स घेऊन पहिल्यांदा शेवाळलेल्या ओंडक्यापाशी बसलो, तेव्हा हा हिशोब मांडलाच नव्हता. भाता ताणून ताणून संपला आणि दुधी काचेवर (कॅमेऱ्याच्या पाठीवरची, फोकस पाहायची काच) प्रतिमा निम्म्याहून थोडी मोठी होऊन थांबली. शेवाळाच्या देठावरची बोंडं तशीच बारीक राहिली. लेन्स उत्तम होती, कॅमेराही चांगला होता, फक्त दोघांची जोडी त्या कामाची नव्हती.

तेव्हा घरीच एक गोष्ट करून ठेवा. भाता पूर्ण उघडा आणि लेन्सबोर्डपासून, म्हणजे लेन्स जिच्यावर बसते त्या फळीपासून, फिल्मच्या पातळीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. त्यातून लेन्सची फोकल लेन्थ वजा करा आणि जे उरेल त्याला फोकल लेन्थने भागा. समजा भाता ३६० मिमी उघडला. १५० च्या लेन्सला २१० भागिले १५०, म्हणजे १.४ पट. २१० च्या लेन्सला १५० भागिले २१०, म्हणजे ०.७ पट. त्या जोडीची कमाल तेवढीच. हे दोन आकडे लेन्सबोर्डच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवले, तर रानात डोकेफोड करावी लागत नाही.

मग सगळ्यात छोटी लेन्सच का नको?

हिशोबाने पाहिलं तर ९० मिमीची लेन्स स्वस्तात काम करते: खऱ्या आकाराला १८० मिमी भाता पुरतो. पण मग वस्तूही लेन्सपासून १८० मिमीवरच येते, आणि हे अंतर साधारण लेन्सच्या मध्यापासून मोजलेलं असतं. लेन्सची पुढची नळी त्यातले काही सेंटिमीटर खाते. वर लार्ज फॉरमॅटचा लेन्सबोर्ड आणि पुढची चौकट यांचा आकार केवढा तरी. फुलावर उजेड पडायला वाट राहत नाही, कॅमेऱ्याचीच सावली पडते, आणि तिकाटण्याचा (ट्रायपॉडचा) पाय शेजारच्या रोपांत जातो. १५० च्या लेन्सला खऱ्या आकारात ३०० मिमी अंतर मिळतं, २१० ला ४२०. मोकळ्या जागेत श्वास घेतल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: मागचा देखावा. खऱ्या आकाराच्या चित्रात ९० च्या लेन्सला फिल्मच्या लांब बाजूने सुमारे ३७ अंशांचा पसारा दिसतो, २१० च्या लेन्सला फक्त १६ अंशांचा. फूल दोन्ही चित्रांत तेवढंच. पण एकात मागच्या काटक्या, आकाशाचे पांढरे तुकडे, शेजारचं वाळकं गवत सगळं घुसतं. दुसऱ्यात मागच्या सावलीचा एखादा शांत तुकडा निवडता येतो. कॅमेरा बोटभर सरकवला की मागचा रंगच बदलतो. निसर्गात पार्श्वभूमी आपण मांडत नाही, फक्त निवडतो, म्हणून हा फरक मोठा. उलट, फूल त्याच्या परिसरासकट दाखवायचं असेल, तर छोटी लेन्स मुद्दाम घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. छोट्या लेन्सने क्लोज-अपमध्ये जास्त खोलवर स्पष्टता मिळते असं पुष्कळ जण मानतात. प्रतिमेचा आकार आणि एफ आकडा (लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक) तोच ठेवला, तर ही खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, जवळपास तेवढंच राहतं, लेन्स ९० ची असो की २१० ची. बदलतो तो मागच्या धूसरपणाचा पोत. त्यामुळे खोलीसाठी छोटी लेन्स घेऊ नका.

काच कोणत्या जातीची

लार्ज फॉरमॅटच्या रोजच्या वापरातल्या लेन्स, म्हणजे श्नायडरच्या सिमार, रोडेनस्टॉकच्या सिरोनार, निक्कॉर-डब्ल्यू, फुजिनॉन-डब्ल्यू, या बहुतेक प्लाझमॅट जातीच्या आहेत. शटरच्या पुढे काचांचा एक संच, मागे जवळपास त्याच्याच आरशातल्या प्रतिमेसारखा दुसरा. त्यांची आखणी दूरच्या किंवा मध्यम अंतरावरच्या वस्तूंसाठी असते. वस्तूच्या एक-विसांश किंवा एक-दशांश प्रतिमेला त्या सर्वोत्तम. तरीही क्लोज-अपमध्ये त्या हार मानत नाहीत, आणि याचं कारण त्यांच्या घडणीतच आहे. खऱ्या आकाराच्या चित्रात वस्तू आणि फिल्म लेन्सपासून सारख्याच अंतरावर असतात. अशा वेळी पुढचा संच जो दोष निर्माण करतो, मग रेषा वाकवणं असो, कडेला रंगांची किनार असो की ठिपक्यांना शेपटी फुटणं असो, तोच दोष मागचा संच उलट दिशेने निर्माण करतो आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. म्हणून समतोल घडणीची साधी १५० मिमी लेन्स एफ २२ ला ठेवून निम्म्या आकारापर्यंत निःशंक वापरावी. खऱ्या आकारातही ती कडांना थोडी नरम पडेल इतकंच, आणि पानाफुलांच्या चित्रात कडा बहुतेक वेळा आधीच फोकसबाहेर असतात.

याहून सरस हवं असेल तर माझं मन प्रोसेस लेन्सकडे ओढ घेतं. छापखान्यात सपाट चित्रं, नकाशे, मजकूर खऱ्या आकारात फिल्मवर उतरवायला मोठाले प्रोसेस कॅमेरे असत. त्यांच्यासाठी बनलेल्या गोएर्झच्या अपो-आर्टार, रोडेनस्टॉकच्या अपो-रोनार आणि श्नायडरच्या जी-क्लॅरॉन या लेन्सची आखणीच खऱ्या आकाराच्या आसपासची आहे. छपाई संगणकावर गेली आणि या लेन्स जुन्या बाजारात आल्या. त्या लहान असतात, हलक्या असतात, आणि एफ २२ ला अनंतापर्यंतही चांगलं चित्र देतात, म्हणजे एकच लेन्स नेच्यालाही चालते आणि डोंगरालाही. दोन गोष्टी सोसाव्या लागतात. त्यांचं सर्वात मोठं छिद्र बहुधा एफ ९ असतं, त्यामुळे दुधी काचेवर अंधार. आणि काही नुसत्या नळीत येतात, शटरशिवाय. अनेक जी-क्लॅरॉनचे संच नेहमीच्या शटरमध्ये थेट बसतात, घेताना ते पाहून घ्यावं. शटर नसलेली लेन्सही बाद नाही. झाडाखालच्या उजेडात उघडीक (एक्स्पोजर, फिल्मवर उजेड पडू देण्याचा वेळ) दहा-पंधरा सेकंदांची असते, तेव्हा लेन्सची टोपी काढून परत लावणं पुरतं. पूर्वीचे छायाचित्रकार तेच करत.

खास मॅक्रो लेन्सही आहेत: निक्कॉरच्या एएम मालिकेतल्या १२० आणि २१० मिमी, श्नायडरची माक्रो-सिमार, रोडेनस्टॉकची अपो-मॅक्रो-सिरोनार. खऱ्या आकाराभोवती यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण त्या महाग, आणि दूरच्या देखाव्याला कच्च्या. ज्याचं नव्वद टक्के काम शेवाळ, दगडफूल आणि बियांचं आहे, त्याने जरूर घ्यावी. अधूनमधून एखादं फूल टिपणाऱ्याला तिचं वजन उगाच वाहावं लागेल.

लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची चिंता क्लोज-अपमध्ये सोडून द्यावी, ही मोठी सवलत. लेन्स फिल्मवर उजेडाचं एक वर्तुळ टाकते. ४ बाय ५ झाकायला त्याचा व्यास निदान १५३ मिमी हवा. लेन्स पुढे सरकली की हे वर्तुळ भात्याच्याच प्रमाणात वाढतं, आणि खऱ्या आकाराला दुप्पट होतं. दूरच्या दृश्याला ८० मिमीचंच वर्तुळ देणारी इवलीशी लेन्स इथे १६० मिमी देते. एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठं चित्र उतरवणाऱ्या यंत्राच्या, लेन्स याचमुळे कामाला येतात. ८० मिमीची एन्लार्जर लेन्स तिप्पट आकारासाठी ३२० मिमी भाता घेते, जो बहुतेकांकडे असतो. फक्त ती उलटी बसवावी लागते. एन्लार्जरमध्ये छोटी निगेटिव्ह लेन्सच्या मागच्या बाजूला असते आणि मोठा कागद पुढच्या. आपल्याकडे छोटी वस्तू म्हणजे निगेटिव्ह आणि मोठी फिल्म म्हणजे कागद, तेव्हा लेन्सची मागची बाजू वस्तूकडे हवी. प्रतिमा वस्तूपेक्षा मोठी होऊ लागली की हाच नियम इतर लेन्सनाही लागू पडतो.

टेलिफोटो लेन्स मात्र टाळा. दूरच्या दृश्याला ती कमी भात्यात भागवते, पण जवळ येताना जास्तीचा भाता पूर्ण फोकल लेन्थच्या हिशोबानेच मागते. शिवाय पुढे येणारं उजेडाचं साधं गणित तिला लागू पडत नाही, आणि ती तिरकी केली की चित्र काचेवरून भलतीकडे सरकतं.

भाता अगदीच आखूड असेल, तर दोन काचा जोडलेलं चांगलं क्लोज-अप फिल्टर लेन्सपुढे लावा. ३ डायॉप्टर ताकदीचं फिल्टर लावलेली १५० ची लेन्स भाता न वाढवता सुमारे ३३ सेंटिमीटरवर फोकस करते आणि प्रतिमा ०.४५ पट मिळते. उजेडही घटत नाही. शुद्धतावाद्यांना पटत नाही, पण एफ २२ ला निकाल चांगला येतो.

उजेड, खोली आणि वारा

भाता लांबला की तोच उजेड जास्त जागेवर पसरतो. भात्याची लांबी भागिले फोकल लेन्थ, आलेल्या आकड्याचा वर्ग, तितक्या पट उघडीक. २१० च्या लेन्सला ३१५ मिमी भाता असेल तर दीड, त्याचा वर्ग सव्वादोन, म्हणजे एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडं जास्त. खऱ्या आकाराला चौपट, दोन स्टॉप. दुप्पट आकाराला नऊपट. लाइट मीटरने सावलीत २ सेकंद सांगितले तर खऱ्या आकाराच्या चित्राला ८ सेकंद. त्यावर फिल्मचा आळस, म्हणजे लांब उघडिकीत तिचं मंदावणं: इलफर्डच्या एफपी४ प्लसला मोजलेले ८ सेकंद प्रत्यक्षात सुमारे १४ होतात. फुजीच्या अ‍ॅक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत ही भरपाई लागत नसे, म्हणून क्लोज-अपला ती फिल्म मला प्रिय होती; ४ बाय ५ मध्ये ती आता बनत नाही.

१४ सेकंद पान न हलता राहायला हवं. त्यामुळे फुलपाखरं, मधमाश्या, लांब देठाची रानफुलं हे या कॅमेऱ्याचे विषय नव्हेत. दगडफूल, झाडाची साल, भूछत्रं, गळून पडलेली पानं, गोठलेलं दव, ओलसर खडक, हे आहेत. लेन्स कितीही भारी असली तरी वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही.

खोलीसाठी छिद्र बारीक करत जाण्याचा मोह होतो. खऱ्या आकारात एफ २२ ला साधारण ९ मिमी खोली स्पष्ट मिळते, एफ ४५ ला १८. पण भाता दुप्पट असताना एफ ४५ हे प्रत्यक्षात एफ ९० सारखं वागतं, आणि उजेड छिद्राच्या कडेवरून वळून पसरतो. याला विवर्तन म्हणतात. एकेका बिंदूचा फिल्मवर दशांश मिलिमीटरहून मोठा ठिपका होतो आणि सगळंच चित्र हलकंसं मऊ पडतं. मी खऱ्या आकाराला एफ ३२ च्या पुढे जात नाही. त्यापेक्षा जरा मागे सरून निम्म्या आकारात टिपावं. एफ २२ लाच २६ मिमी खोली मिळते, म्हणजे तिप्पट. नंतर ते चित्र मोठं करताना त्यातला काही फायदा परत जातो, तरी दीडपट हाती उरतोच, आणि फिल्म एवढी मोठी आहे की तपशील कमी पडत नाही.

लेन्स तिरकी करून फोकसची पातळी वळवणं ही लार्ज फॉरमॅटची खरी ताकद. ऑस्ट्रियन सैन्यातल्या थिओडोर शाइम्फ्लुगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तत्त्व पेटंटांमधून मांडलं. पण निसर्गदृश्यात दोन-चार अंशांत सगळी जमीन फोकसमध्ये आणणाऱ्यांची क्लोज-अपमध्ये निराशा होते. खऱ्या आकाराला लेन्स १० अंश तिरकी केली की फोकसची पातळी फक्त २० अंश वळते. मोठे कोन द्यावे लागतात, आणि प्रतिमावर्तुळ वाढलेलं असल्यामुळे ते देताही येतात. तरीही आधी कॅमेऱ्याची पाठ पानाला समांतर आणून पाहा. निम्म्या वेळा तिरकं करायची गरजच उरत नाही.

शेवटी फोकसबद्दल, कारण नवी लेन्स लावून बसलेला माणूस इथेच हताश होतो. खऱ्या आकाराच्या आसपास पुढची चौकट सरकवली, तर प्रतिमा लहान-मोठी होते पण फोकस जवळजवळ हलत नाही. लेन्स वस्तूच्या जितकी जवळ जाते, तितकीच फिल्मपासून दूर जाते, आणि एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. लेन्सला दोष देऊ नका. पुढच्या चौकटीने आकार ठरवा, मग तिला हात न लावता मागची चौकट सरकवून फोकस करा. मागची चौकट सरकत नसेल, तर तिकाटण्यावर सरकपट्टी बसवून अख्खा कॅमेरा पुढे-मागे न्या. डोक्यावर काळं कापड, हातात चारपटीचं भिंग, आणि छिद्र पूर्ण उघडं. एफ ५.६ ची लेन्सही या वेळी एफ ११ एवढाच उजेड देते, म्हणून कापडाखाली डोळे सरावायला एखादं मिनिट द्या. शेवाळाची बोंडं हळूहळू काचेवर उमटू लागतात.